वाटेची वार्ता : ऋण की उपकार?

रस्त्याने जाणाऱ्या माणसाला पुढच्या वाटेची माहिती देणे हा आपल्याकडचा फार जुना शिरस्ता आहे. समोरून येणाऱ्या वाटसरूला ‘ओढ्याला पाणी किती आहे?’ असे विचारावे आणि त्याने ‘गुडघाभर आहे, पण वरच्या अंगाने उतरा’ असे सांगावे, ह्यासाठी ओळख लागत नसे आणि मोबदल्याचा तर प्रश्नच नसे. एस.टी.च्या दोन गाड्या आडरस्त्यावर समोरासमोर आल्या की चालक क्षणभर वेग कमी करून खिडकीतूनच एकमेकांना पुढची हकिकत सांगत. ट्रकचालक दिव्यांची उघडझाप करून, म्हणजे त्यांच्या भाषेत डिपर मारून, धोक्याची सूचना देत. गाडी मध्येच बंद पडली तर मागे काही अंतरावर दगड मांडले जात, झाडाची हिरवी फांदी टाकली जात. ज्याच्यासाठी ते दगड मांडले, तो कोण, कुठला, कोणत्या जातीधर्माचा, हे मांडणाऱ्याला कधीच कळत नसे.

आता त्या दगडांचे आणि डिपरचे काम पुष्कळ अंशी हातातल्या फोनने घेतले आहे. वाहतुकीची कोंडी, अपघात, पुलावरून वाहणारे पाणी, उलटलेला ट्रक, रास्ता रोको ह्यांची खबर व्हॉट्सॲपच्या गटांतून, फेसबुकवरून आणि नकाशे दाखवणाऱ्या ॲपमधून काही क्षणांत शेकडो जणांपर्यंत पोहोचते. प्रत्येक वाहनचालकाने आपल्या भागातील रस्त्यांची अशी माहिती समाजमाध्यमांवर आपण होऊन द्यावी, असा आग्रह आता धरला जातो. वरवर पाहता ह्यात वाद घालण्यासारखे काही नाही. परंतु थोडा खोलवर विचार केला की तीन प्रश्न उभे राहतात. अशी माहिती देणे हे आपले कर्तव्य आहे, की केवळ सौजन्य? ती द्यायची तर कोणत्या अटींवर द्यायची? आणि मुख्य म्हणजे ती कोणासाठी द्यायची? ह्या प्रश्नांचा विचार बीड जिल्ह्याच्या संदर्भात करावा असे आम्हांला वाटते.

बीड शहरातून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी रेल्वेगाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. परळी वैजनाथ हे जंक्शन जिल्ह्यात पूर्वीपासून असले, तरी जिल्ह्याच्या मुख्य गावाला स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षांहून अधिक काळ रस्त्यावाचून दुसरा आधार नव्हता. धुळे-सोलापूर महामार्ग शहागडजवळ गोदावरी ओलांडून गेवराई तालुक्यात शिरतो आणि बीड, मांजरसुंबा, चौसाळा असा धाराशिवकडे उतरतो. कल्याणहून निर्मलकडे जाणारा महामार्ग गढी आणि माजलगाव घेऊन परभणीकडे जातो. मांजरसुंब्याचा घाट आणि धारूरचा वळणावळणाचा घाट चालकांची परीक्षा पाहतात. शेतमाल बाजाराला, विद्यार्थी परीक्षेला आणि बाळंतीण दवाखान्यात पोहोचते ती ह्याच रस्त्यांनी. आषाढीच्या दिंड्याही ह्याच वाटांनी पंढरपूरकडे जातात. औरंगाबाद धर्मप्रांताच्या विस्तीर्ण मुलुखात विखुरलेल्या आपल्या श्रद्धावंतांना मिस्साबलिदानासाठी आणि धर्मगुरूंना त्यांच्या भेटीसाठी मैलोगणती जावे लागते, तेही ह्याच रस्त्यांवरून.

ह्या रस्त्यांवरून दर वर्षी एक आणखी मोठी यात्रा निघते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील लाखो माणसे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. पती आणि पत्नी मिळून हिशेबात एक ‘कोयता’ धरला जातो. ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांमध्ये भांडीकुंडी, पाचटाची खोप बांधण्याचे सामान, शेळ्या, कोंबड्या आणि ह्या सर्वांच्या वर लेकरांना घेऊन बसलेली माणसे, असा तो संसार रात्रीच्या अंधारातून चालतो. पुष्कळदा ट्रॉलीच्या मागे दिवा नसतो, चकाकणारी पट्टीही नसते. हंगाम सुरू झाला की उसाने भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या कारखान्यांच्या रस्त्यांवर रांगा लावतात. ह्या माणसांकडे मोटार नसते आणि वाहतुकीची खबर देणाऱ्या गटांत त्यांचे नाव सहसा नसते. परंतु त्या खबरीवर सर्वांत अधिक अवलंबून आहे तो त्यांचाच जीव. हे ध्यानात ठेवून आपण मूळ प्रश्नाकडे वळू.

माहिती देणे हे ऋण आहे, की उपकार? उपकार मानला, तर तो करणे न करणे आपल्या लहरीवर राहते. वेळ असला, मन प्रसन्न असले, तर केला; नाही तर पुढे निघून गेलो. आमच्या मते हे ऋणच आहे, आणि त्याचे कारण अगदी साधे आहे. आज सुखरूप घरी पोहोचलेला प्रत्येक माणूस दुसऱ्या कोणाच्या तरी सूचनेमुळे पोहोचलेला असतो. वळणावरचा फलक कोणी लावला, खड्ड्याभोवती दगड कोणी ठेवले, समोरून डिपर कोणी मारला, ह्याची नोंद आपल्याजवळ नाही. परंतु त्या सर्वांचे देणे आपल्यावर आहे. ज्याने दिले त्याला ते परत करता येत नाही, कारण तो केव्हाच निघून गेलेला असतो. ते फेडायचे असते मागून येणाऱ्याला. गटात राहून रोज माहिती वाचणारे अनेक असतात आणि देणारे मूठभर असतात, हा सर्वांचा अनुभव आहे. विहिरीचे पाणी सर्वांनी भरावे आणि गाळ काढायला कोणीच उतरू नये, तसाच हा प्रकार आहे.

मिस्साच्या आरंभी आपण जी पापकबुली देतो, तीत केलेल्या अपराधांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचाही उल्लेख असतो. पुलावरून पाणी वाहते आहे हे डोळ्यांनी पाहून, गाडी वळवून घेऊन, मुकाट्याने घरी जाणारा माणूस कोणाचे वाईट करीत नाही. परंतु त्याच्या मागून येणारी जीप अंधारात त्या पाण्यात उतरली, तर ‘मी काहीच केले नाही’ हे त्याचे उत्तरच त्याच्यावरचा आरोप ठरेल. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर अतिवृष्टीचे संकट कोसळले आणि बीड जिल्ह्यातील नद्यांनाही पूर आले. अशा रात्री ‘अमुक पुलावर पाणी आहे, येऊ नका’ हे सहा शब्द कोणाच्या तरी घरचा दिवा वाचवू शकतात. भारतात २०२२ ह्या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली, अशी केंद्र सरकारचीच आकडेवारी आहे. ह्यांतील प्रत्येक मृत्यू सूचनेने टळला असता असे कोणीही म्हणणार नाही. काही निश्चित टळले असते, एवढेही आपल्याला जागे करण्यास पुरेसे आहे.

परमपीठाच्या स्थलांतरितांसाठी असलेल्या परिषदेने १९ जून २००७ रोजी रस्त्यावरील माणसांच्या मेषपालकीय सेवेविषयी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली होती. तीत वाहनचालकांसाठी दहा आज्ञा दिल्या होत्या आणि त्या वेळी वृत्तपत्रांनी त्यांची काहीशी थट्टाही केली होती. त्या वाचल्यावर थट्टेचे कारण उरत नाही. रस्ता हा माणसांना एकत्र आणणारा असावा, त्यांचा घात करणारा असू नये, अशा आशयाची एक आज्ञा आहे. रस्त्यावर जो अधिक दुर्बळ, त्याला जपावे, अशी दुसरी एक आहे. ह्या दोन आज्ञा हाताशी ठेवल्या, तर वाहतुकीची खबर कशी द्यावी ह्याचे बहुतेक नियम त्यांतूनच निघतात.

येथे दयाळू शोमरोन्याची आठवण येणे अपरिहार्य आहे. प्रभू येशूने ‘माझा शेजारी कोण?’ ह्या प्रश्नाचे उत्तर घरात, मंदिरात किंवा बाजारात घडवले नाही. ते रस्त्यावर घडवले. यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या त्या वाटेवर याजक आणि लेवी दुसऱ्या बाजूने निघून गेले. त्यांच्या हाती फोन असता तर काय झाले असते? त्यांनी कदाचित जखमी माणसाचे छायाचित्र काढले असते, ‘यरीहोच्या वाटेवर लुटारू आहेत, सावध राहा’ असा संदेश चार गटांत टाकला असता आणि कर्तव्य केल्याच्या समाधानाने पुढे गेले असते. त्या संदेशाने मागच्या काही वाटसरूंचे रक्षणही झाले असते, हे नाकारण्याचे कारण नाही. तरीही जखमी माणूस तेथेच पडून राहिला असता. सांगणे हे थांबण्याची जागा घेऊ लागले, की हे साधन सत्कार्याचे न राहता पळवाटेचे होते.

मग प्रत्येकाने थांबावे काय? तेही योग्य नव्हे. अपघाताच्या जागी पन्नास वाहने थांबली की रुग्णवाहिकेलाच वाट उरत नाही. ह्यात विवेक लागतो. जो पहिला पोहोचला, त्याने थांबावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी, ११२ वर पोलिसांना सांगावे, राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ वर कळवावे आणि मगच गटाकडे वळावे. ज्याच्या आधी मदत पोहोचली आहे, त्याने गर्दी न वाढवता पुढे जाऊन मागच्यांना सावध करावे. पोलिसांच्या चौकशीचा ससेमिरा मागे लागेल, ही जुनी भीती आता मनातून काढली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ घालून त्या संरक्षणाला कायद्याचा भक्कम पाया मिळाला. सद्‌भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. कायद्याने त्याला इंग्रजीत जे नाव दिले आहे, ते त्या शोमरोन्याचेच आहे!

बीडच्या माणसाला हा विषय पुस्तकी वाटू नये. जिल्ह्याचे दोन मोठे नेते रस्त्यावरच गेले. केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे ह्यांचे ३ जून २०१४ रोजी दिल्लीत मोटार अपघातानंतर निधन झाले. विनायक मेटे ह्यांना १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मृत्यूने गाठले. वेळेवर मदत मिळाली नाही, अशी तक्रार त्यांच्या वाहनचालकाने तेव्हा माध्यमांपुढे केली होती. देशातील अत्यंत वर्दळीच्या रस्त्यावर, नामांकित माणसाच्या बाबतीतही अशी तक्रार होऊ शकते. मग एखाद्या आडरस्त्यावर रात्री ट्रॉलीतून फेकल्या गेलेल्या तोडणी कामगाराची दखल कोण घेणार?

आता अटींचा विचार करू. पहिली अट सत्याची. रस्त्याची खबर ही साक्ष आहे आणि साक्ष डोळ्यांनी पाहिलेल्याची असते. ‘आलेला संदेश जसाच्या तसा पुढे पाठवत आहे’ असे म्हणणारा स्वतःला निरुपद्रवी दूत समजतो. परंतु खोट्या दगडांची रास रस्त्यावर रचणारा आणि ती पाहून आणखी चार रचणारा, ह्यांच्या अपराधात फारसे अंतर नाही. धुळे-सोलापूर महामार्गाचा उल्लेख वर आलाच आहे. ह्या महामार्गाच्या एका टोकाच्या जिल्ह्यातून, सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे परिसरातून, भिक्षेसाठी निघालेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण १ जुलै २०१८ रोजी दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यात, धुळ्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, जमावाकडून मारले गेले. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा फोनवरून फिरत होती. पुढे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांचा हेतू ‘सावध करणे’ हाच असणार! त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. यंत्राने बोटांना मर्यादा घातली. विवेकाला ती प्रत्येकाने स्वतः घालायची असते.

सत्याच्या पोटात नेमकेपणाही येतो. ‘घाट बंद आहे’ ह्या वाक्याचा उपयोग काय? मांजरसुंब्याचा की धारूरचा? जाणारी बाजू की येणारी? आत्ता की सकाळी? पिंपळगाव आणि वडगाव ह्या नावांची गावे आपल्याकडे तालुक्या-तालुक्यांत आहेत. म्हणून गाव, जवळची खूण, दिशा आणि वेळ ह्या चार गोष्टी नसलेली खबर अपुरी समजावी. ‘गेवराईकडून बीडकडे येणाऱ्या बाजूला, अमुक फाट्याच्या अलीकडे, रात्री ९ वाजून १० मिनिटांनी, उसाची ट्रॉली उलटली आहे, एक बाजू सुरू आहे, मी स्वतः पाहिले’ असे लिहायला अर्धे मिनिट अधिक लागते. तेवढे अर्धे मिनिट वाचणाऱ्याला गोंधळातून सोडवते.

दुसरी अट फार थोडे लोक पाळतात, आणि आम्हांला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. गाडी दुरुस्त झाली की चालक निघून जातो आणि त्याने मांडलेले दगड रस्त्यावरच राहतात, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. ज्या दगडांनी संध्याकाळी दहा जणांना वाचवले, तेच मध्यरात्री एखाद्या मोटारसायकलस्वाराचा जीव घेतात. रस्त्याच्या खबरीचेही असेच आहे. सकाळी खरी असलेली गोष्ट दुपारी खोटी होते, पण संदेश मात्र गटागटांतून फिरतच राहतो. पूल मोकळा झाला तरी लोक लांबचा फेरा घेतात. एखादा रुग्ण जवळच्या रुग्णालयाऐवजी दूर नेला जातो. म्हणून ज्याने धोका सांगितला, त्यानेच तो टळल्याचेही सांगावे, किंवा आपला संदेश काढून टाकावा. तो स्वतः पुढे निघून गेला असेल, तर त्या जागी नंतर पोहोचणाऱ्याने ‘आता रस्ता मोकळा आहे’ असे लिहावे. इशारा देणे सोपे असते, कारण त्यात थोडा थरार असतो आणि लोकांचे लक्ष आपल्याकडे वेधले जाते. दगड उचलण्याच्या कामात तसे काहीच मिळत नाही. नेमकी म्हणूनच ती प्रीतीची खरी कसोटी आहे.

तिसरी अट माणसाच्या प्रतिष्ठेची. अपघाताची खबर द्यायला जखमीचे छायाचित्र लागत नाही. रक्ताळलेला चेहरा, फाटलेले कपडे, गाडीचा क्रमांक हे सारे गटात येते आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या ओळींखाली फिरू लागते. घरच्यांना अजून कोणी कळवलेलेही नसते. आईने आपल्या मुलाचा मृत्यू शेजाऱ्याच्या फोनवर पाहावा, ह्याहून क्रूर गोष्ट कोणती? ख्रिस्तसभेचे धर्मशिक्षण आठव्या आज्ञेखाली केवळ खोटे बोलण्याचा निषेध करून थांबत नाही. योग्य कारणावाचून दुसऱ्याचे खरे दोष उघड करणे हाही त्या शिक्षणात अपराध गणला आहे. चालक प्यायलेला होता, चूक अमक्याचीच होती, असे निवाडे रस्त्याच्या कडेला उभे राहून देणाऱ्यांनी हे विसरू नये. खबर द्यायची ती रस्त्याची. माणसाचा निवाडा करण्याचे काम पोलिसांकडे आणि न्यायालयाकडे सोपवावे.

चौथी अट इतकी उघड आहे की ती सांगावी लागावी ह्याचेच आश्चर्य वाटते. चालत्या गाडीत, एका हाताने चाक धरून, दुसऱ्या हाताने ‘पुढे अपघात आहे’ असे लिहिणारा माणूस पुढच्या अपघाताची तयारी करीत असतो. वाहन चालवताना फोन हाती धरणे कायद्याने गुन्हा आहे. शेजारी बसलेल्याला लिहायला सांगावे; एकटे असल्यास पुढच्या ढाब्यावर किंवा पेट्रोल पंपावर गाडी बाजूला घेऊन मग लिहावे. पाच मिनिटे उशिरा आलेली खबर चालेल. घरी न पोहोचलेला खबऱ्या चालणार नाही.

ह्याच ओघात एक अवघड प्रश्न येतो. पुढे पोलिसांची तपासणी सुरू आहे, हेही सांगावे काय? अनेक गटांत सर्वांत अधिक फिरणारी खबर हीच असते, आणि ‘आपण भाऊ-भाऊ’ ह्या भावनेने ती दिली जाते. जर्मनीसारख्या देशात वेगमापक यंत्रांची सूचना देणारी ॲप गाडी चालवताना वापरण्यास कायद्यानेच मनाई आहे. आमचे म्हणणे असे की, धोक्याची सूचना आणि कायद्याच्या डोळ्यांपासून लपण्याची सूचना, ह्या दोन गोष्टी दिसायला सारख्या असल्या तरी एक नव्हेत. पहिलीने दुर्बळाचे रक्षण होते. दुसरीने दारू पिऊन चालवणारा, क्षमतेच्या दुप्पट भार भरणारा, दिवे नसलेली गाडी हाकणारा आडवाटेने निसटतो आणि त्याच आडवाटेवर त्याला लहान मुले भेटतात. तपासणीच्या नावाखाली कोणी पैसे उकळीत असेल, तर त्याविरुद्ध लेखी तक्रार करावी. चार जणांनी मिळून करावी. पळवाट दाखवून अन्याय दूर होत नाही, तो फक्त दुसऱ्याच्या गळ्यात पडतो.

ह्यानंतर उरतो तिसरा प्रश्न : खबर कोणासाठी? शहरांतून वाहतुकीच्या खबरीचा हेतू प्रामुख्याने वेळ वाचवणे हा झाला आहे. घोडबंदर मार्गावर किंवा वर्सोवा पुलाजवळ तासन्‌ तास अडकणाऱ्या वसईच्या वाचकांना वेळेचे मोल सांगण्याची गरज नाही. परंतु एकाचा वाचलेला वेळ पुष्कळदा दुसऱ्याच्या माथी बसतो. महामार्ग अडला की एकच संदेश शेकडो गाड्यांना एखाद्या गावातल्या अरुंद रस्त्यावर वळवतो. तो रस्ता शाळेपुढून जातो, पाणवठ्यावरून जातो. त्या गावाला कोणी विचारलेले नसते. म्हणून आडवाट सुचवताना ती कशासाठी बांधली आहे आणि तिच्यावर कोण चालते, ह्याचाही विचार हवा. आमच्या दृष्टीने खबरींना एक क्रम असावा. आधी जीव, मग रुग्ण, मग पायी चालणारे आणि उघड्या वाहनांत बसलेले, आणि सर्वांत शेवटी आपली दहा मिनिटे. ‘अमुक रस्त्यावर बिनदिव्याच्या ट्रॉल्यांची रांग आहे, सावकाश चालवा’ ही खबर कोंडीच्या दहा खबरींहून मोलाची आहे. आणि ज्यांच्यासाठी ती दिली, ते ती कधीही वाचणार नाहीत, ह्यातच तिचे सौंदर्य आहे.

अशा खबरी साचत गेल्या की त्यांना आणखी एक अर्थ येतो. सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजा झालेले पाच अपघात घडले, अथवा दहा मृत्यू झाले, तर ती जागा सरकारदरबारी ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणून धरली जाते आणि तिच्या दुरुस्तीची जबाबदारी येते. गटातील खबरी नीट तारीखवार उतरवून ठेवल्या, तर त्याच जागी वारंवार काय घडते हे दिसते. ते टिपण घेऊन सार्वजनिक बांधकाम विभागाकडे किंवा महामार्ग प्राधिकरणाकडे जाता येते. पाच माणसे मरण्याची वाट न पाहता तिसऱ्या अपघातानंतरच अर्ज करणे, ही त्या खबरींची खरी सार्थकता.

एक इशारा मात्र देऊन ठेवावासा वाटतो. साधन म्हणजे सारे काही नव्हे. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी आरक्षणाच्या आंदोलनात बीड जिल्ह्यात जाळपोळ झाली, संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद करण्यात आले. अशा वेळी रस्त्याची खबर पुन्हा माणसाच्या तोंडी येते. चहाच्या टपरीवरचा, पेट्रोल पंपावरचा, समोरून आलेला माणूसच तेवढा आधार उरतो. ज्या गावात माणसे एकमेकांशी बोलतात, तेथे फोन बंद पडला तरी वाट बंद पडत नाही. जातीजातींत फळी पडलेल्या गावात ‘पुढे कसे आहे?’ असे विचारायलाही माणूस कचरतो, आणि सांगणाऱ्यावर विश्वासही ठेवीत नाही. वाटेची वार्ता शेवटी विश्वासावर चालते. तो विश्वास आधी रस्त्याबाहेर कमवावा लागतो.

आपल्या धर्मग्रामांतून तरुणांचे, महिला मंडळांचे, लहान ख्रिस्ती समूहांचे व्हॉट्सॲप गट आहेत. सणाच्या शुभेच्छा आणि सुविचार ह्यांची तेथे वाण नाही. त्यांत आपल्या भागातील रस्त्यांच्या खऱ्या, नेमक्या आणि वेळच्या वेळी मागे घेतल्या जाणाऱ्या खबरींना जागा मिळावी. त्या गटाची दारे परधर्मीय शेजाऱ्यांना, रिक्षावाल्यांना, दूधवाल्यांना उघडी असावीत. आणि ज्या घरी फोन नाही, त्या घरापर्यंत ती खबर तोंडी पोहोचवण्याची जबाबदारी एकाने घ्यावी. ऊसतोडीची वाहने निघण्याच्या हंगामात चार तरुणांनी चकाकणाऱ्या पट्ट्यांची गुंडाळी घेऊन नाक्यावर उभे राहावे आणि जाणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीच्या मागे पट्टी चिकटवावी. ती पट्टी हीदेखील एक खबरच आहे. मागून येणाऱ्या चालकाला ती अंधारात एवढेच सांगते की पुढे माणसे बसली आहेत, जपून ये.